मारोतीचे जुने पाय

देवळाच्या बैठकीत "देव खाली उतरवा" अशी मागणी करणारा माणूस मी एकच पाहिला. देव वर चढवायचा असतो, चांदीनं मढवायचा असतो, फार तर शेजारच्या कॉलनीतल्या देवापेक्षा मोठा करायचा असतो. पण जीवराम नाना सतरंजीवरून गुडघ्यावर हात टेकत उठले आणि म्हणाले, "आपला मारोती कमरेइतका खाली घ्या. होता तिथं ठेवा."

आधी कुणाला कळलंच नाही. मग हशा झाला. समितीचे अध्यक्ष रुपचंदशेठ, ज्यांचं पुलाच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान आहे, ते म्हणाले, "नाना, देव म्हणजे काय टपावरचं बोचकं आहे का? स्टँड आला की उतरवा?"

हा टोमणा नानांच्या नोकरीला होता. नाना एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर जे हाती आलं त्यातून त्यांनी देवपुरात, पांझरेच्या काठाला, खोल्या बांधल्या. तीन खाली, तीन वर. वरच्या एका खोलीत मी राहतो आणि परीक्षा देतो. कोणत्या परीक्षा, हे माझ्या घरच्यांनी विचारायचं सोडून दिलंय, तेव्हा इथंही नको. नाना स्वतः गल्लीच्या वरच्या टोकाला राहतात, बायकोसोबत, म्हणजे सुनंदाबाईंसोबत. घरमालक म्हणून माणूस तसा सोपा. टाकीचं पाणी संपलं तर ओरडणार, मग आपण खालून पाणी आणलं की स्वतःच बादली उचलून देणार.

हशा ओसरल्यावर नाना नुसते उभे राहिले. ड्रायव्हर गाडी चालू होत नाही तोवर जसा समोर बघत बसतो तसे. "उखर्डूसाठी सांगतोय," ते म्हणाले. मग कुणी हसलं नाही.

उखर्डूआबा खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. भडगावकडचे, गिरणेकाठचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. खोलीच्या दारात टेबल टाकून कोळशाच्या इस्त्रीनं गल्लीभरच्या कपड्यांना इस्त्री करायचे. आमच्याकडं ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथं पुढच्या पोराचं नाव असं काही ठेवतात की मरणालाही त्याची किळस यावी. जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं, मग शेजारणीनं उचलून आणायचं, की झाला उखर्डू. नाना नि ते एकाच वयाचे, त्यामुळे नाना त्यांना रोज यावरून छेडायचे. आबाही कमी नव्हते. नानांच्या पँटवर दुहेरी घडी पाडून द्यायचे आणि म्हणायचे, "ही एक जायची, ही एक यायची. ड्रायव्हरले लागस ना."

आता मारोतीचं सांगायला हवं.

आमच्या खोल्यांच्या खाली, घाटावर, एक मारोती आहे. त्याला काठावरचा मारोती म्हणतात. पांझरा बारा महिन्यांतले बरेचसे नुसती नावाला नदी असते, पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात. पण साक्रीकडं पाऊस लागला आणि वरून पाणी सुटलं की ती आपलं नाव आठवून येते. तेव्हा काठावरची माणसं मोबाइल बघत नाहीत, मारोती बघतात. पाणी मारोतीच्या पायाला लागलं, की खालच्या घरांनी बोचकी बांधायची. गुडघ्याला लागलं, की निघायचं. कमरेला लागलं, की नदी पाया पडून परत जाते. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण तोवर ते कधी चुकलं नव्हतं.

मग जीर्णोद्धार झाला. मारोती जमिनीलगत होता, कुत्री त्याच्या पायाशी लोळायची. देवाला असं बसवणं बरं दिसत नाही, असं ठरलं. कमरेइतका ओटा बांधला, ओट्याला काळा ग्रॅनाइट लावला आणि मंत्र म्हणून देव वर नेला. ग्रॅनाइट नानांनी दिला. ओट्यावर समोरच त्यांचं नाव कोरलं आहे: सौजन्य, श्री. जीवराम नाना. उखर्डूआबांनी त्या दिवशी नानांच्या सदऱ्याला फुकट इस्त्री केली होती. सगळी गल्ली जेवली. देव वर गेला, हे सगळ्यांनी पाहिलं. देवासोबत त्याचे पायही वर गेले, हे कुणालाच सुचलं नाही.

नंतरच्या पावसाळ्यात पूर आला तेव्हा मी गावी होतो. पण नानांनी तो दिवस इतक्यांदा सांगितलाय की मला पाठ झालाय. ते शब्दसुद्धा बदलत नाहीत. चहा पितानाच मध्येच सुरू होतात.

"भरदुपार होती. खालच्या खोल्यांतली बाकी माणसं कामावर. मी स्कूटर काढली, पुलावर गेलो, वाकून मारोती पाहिला. पाणी पायाच्या खूप खाली. तसाच खोलीवर आलो. उखर्डू जेवून हात धूत होता. म्हने, काय नाना, बोचकं बांधू का? मी म्हटलं, पानी अजून मारोतीना पायले बी लागनं नही, जप निवांत. तो म्हने, नदी माजेल दिखी राहिनी. मी म्हटलं, तुले यमनी लिधा नही, नदी काय लई जाई? तो हसला. म्हने, ते बी खरं शे. आणि जपला. गाढ झोपला."

इथं नाना कप खाली ठेवतात. सुनंदाबाई समोर असल्या तर म्हणतात, "पुरे ना आता." पण नाना शेवटचं वाक्य बोलल्याशिवाय उठत नाहीत.

"पाणी माझ्या नावाला लागलेलं होतं. देवाच्या पायाला नाही."

तासाभरात खालच्या खोल्या छतापर्यंत भरल्या. आबा सापडले नाहीत. त्यांची इस्त्री सापडली, टेबलाखाली, गाळानं भरलेली. भडगावहून त्यांचा भाऊ कौतिक आला. त्यानं काही दिवस खालपर्यंत काठ पालथा घातला आणि शेवटी दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी दिला. जाताना नानांना म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नाना. त्याचं नाव ठेवलं तेव्हाच आम्ही त्याला एकदा टाकला होता." सांत्वन म्हणून याहून वाईट वाक्य मी ऐकलेलं नाही.

त्यानंतर नाना खोल्यांच्या मागं लागले. गाळ उपसला, फुगलेली दारं काढली, उखडलेल्या फरश्या पुन्हा बसवल्या, विजेचं मीटर वर चढवलं. तिन्ही खोल्यांना रंग दिला. दोन खोल्या सुधारल्या. कोपऱ्यातली सुधारेना. तिच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, पाण्याची रेघ पुन्हा उमटायची. गवंडी म्हणाला, लोणा आहे, पोपडे खरवडून परत गिलावा करा. केला. रेघ आली. मी म्हटलं, "नाना, भिंतीत क्षार असतात, दहावीच्या पुस्तकात आहे." नाना म्हणाले, "बाकीच्या दोन खोल्या नापास झाल्या का मग?"

त्या खोलीला नवं दार लावलं, पण कुलूप कधी लावलं नाही. नुसती कडी. मी विचारलं तर म्हणाले, "नव्या कुलपाची किल्ली त्याच्याकडं कुठं आहे?"

भाड्यानं द्यायचा तर प्रश्नच नव्हता. एकदा ललिता म्हणून एक बाई आली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, इथं एका शाळेत स्वयंपाकाला लागलेली, सोबत लहान मुलगी. तिला कोपऱ्यातलीच खोली आवडली, कारण खोलीला दोन बाजूंनी खिडक्या. नाना म्हणाले, "तिथं माणूस राहतो." ललितानं आत डोकावून पाहिलं. कोपऱ्यात इस्त्री, भिंतीला एक खुंटी, बस. "कामावर गेलाय का?" तिनं विचारलं. नाना म्हणाले, "झोपलाय." मी हसू दाबलं. ललितानं नाही दाबलं, कारण तिला हसूच आलं नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला, आवाज खाली केला आणि शेजारची खोली घेतली.

मग वास सुरू झाला. निदान नाना तसं म्हणायचे. दुपारी खोलीजवळून जाताना ते थबकायचे. "येतो का?" मला विचारायचे. ओल्या सुती कपड्यावर तापलेली इस्त्री फिरली की येतो, तो वास. मी म्हणायचो, "ललिताबाई भाकरी करताहेत." नाना माझ्याकडं बघायचे, गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाकडं बघतात तसं. खरं सांगायचं तर एकदा मलाही आला. मी पायऱ्या चढून गेलो आणि जुनी प्रश्नपत्रिका सोडवत बसलो.

म्हणून ती बैठक. पुन्हा पावसाळा तोंडावर आला होता आणि देव अजून खोटं बोलत उभा होता, असं नानांचं म्हणणं. रुपचंदशेठांनी मऊ आवाजात समजावलं. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती हलवता येत नाही. गुरुजीही तेच म्हणाले. कुणी म्हणालं, ओट्यावर पट्टी मारा, मीटर लिहा. नाना म्हणाले, "मीटर कोण वाचतं? मीही नसता वाचला. माणूस पाय बघतो."

पुढच्या शनिवारी सकाळी बायका तेल घालायला गेल्या तर ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर, खाली, जमिनीजवळ, शेंदरानं काढलेले दोन पाय. जिथं मारोतीचे जुने पाय होते, बरोबर तिथं. शेंदराचे ओघळ नानांच्या कोरलेल्या नावावरून गेलेले. काढणाऱ्यानं चित्रकलेत कधी दिवे लावले नव्हते; डावा पाय मारोतीचा नि उजवा बहुधा एस.टी.च्या ब्रेकवरचा.

रुपचंदशेठ धावत आले. "नाना, तुमचंच नाव झाकलंत तुम्ही!"

"झाकायलाच लावला शेंदूर."

पण एकदा शेंदूर लागला की पुसायची छाती कुणाची? समितीतल्या प्रत्येकानं दुसऱ्याकडं पाहिलं. तोवर एका म्हातारीनं त्या पायांवर तेलाची धार धरली, दुसरीनं रुईची माळ टेकवली. विषय संपला. आता देवाला चार पाय आहेत, आणि वरच्या दोघांना कुणी फारसं विचारत नाही.

श्रावण सरत आला नि साक्रीकडं पाऊस लागून राहिला. या वेळी मी इथंच होतो. सकाळी नाना भिजत पळत आले, चपला हातात. "पाय बुडाले!" त्यांनी ओरडून गल्ली उठवली. वरच्या पायांपर्यंत अजून हातभर अंतर आहे, असं पुलावरून कुणीतरी म्हणालं. ललितानं ऐकलंच नाही. तिनं मुलीला कडेवर घेतलं, पिठाचा डबा उचलला नि जिन्यानं वर, थेट माझ्या खोलीत. मी तिच्या ट्रंकेची एक बाजू धरली. खालच्या तिसऱ्या खोलीतली भाडेकरू पोरंही गाद्या घेऊन वर आली.

नाना खालीच होते.

मी उतरलो तेव्हा पाणी अंगणात आलेलं, मातकट, आवाज न करणारं. नाना कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात उभे होते. कडी काढलेली. ते दार वाजवत होते. उघडं दार.

"उखर्डू. ऊठ. वऱ्हे चाल."

पाणी उंबऱ्याला लागलं. मी त्यांचा दंड धरला. "नाना, चला."

"थांब रे. सदरा घाली राहिना तो."

टिंगल करायची सवय असलेल्या माणसाचं अशा वेळी फार अवघड होतं. मीही थांबलो. पाणी आत शिरलं, कोपऱ्यातल्या इस्त्रीभोवती फिरलं. मग नानांनी एक पाऊल मागं घेतलं, दारातून कुणी बाहेर पडताना आपण अंग चोरतो तसं. दार हातानं धरून ठेवलं. थोड्या वेळानं सोडलं.

"चाल," ते मला म्हणाले.

जिना चढताना ते भिंतीला लागून चढले. कठड्याची बाजू मोकळी सोडून.

संध्याकाळपर्यंत पाणी खोल्यांच्या खिडक्यांपर्यंत चढलं आणि उतरलं. माणूस एकही गेला नाही. ललिताची चूल तेवढी गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही गाळ काढला आणि नानांनी बाजारातून कुलूप आणून कोपऱ्यातल्या खोलीला लावलं. मी बघत राहिलो.

"आता रिकामी झाली," ते म्हणाले. "रंग देऊन ललिताबाईला देतो. दोन खिडक्या आहेत तिला."

"आणि आबा?"

नानांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. मग जिन्याकडं, माझ्या खोलीकडं पाहिलं.

"तू जरा सरकून झोपत जा."

मी हसलो. अगदी मोठ्यानं हसलो. पण माझे शर्ट बघून कुणीही सांगेल की माझ्या खोलीत इस्त्री नाही, आणि दुपारी खोलीत तो वास असतो. गादी मी आता भिंतीला लावून टाकतो. दाराकडची बाजू मोकळी ठेवून.