बैठकीच्या दाराचं माप

भारतच्या बैठकीत पाऊल टाकलं आणि आसिफाने ओढणीचं टोक नाकाला लावलं. भिंतीवरच्या डबीतून दर दहा मिनिटांनी मोगऱ्याचा फवारा उडत होता, आणि मोगऱ्याखाली गुटखा दबून बसला होता. सोफ्यावरचं प्लास्टिक दुकानातून आलं तसंच. छताला लाल-निळी दिव्याची पट्टी. कोपऱ्यात शोभेची कुंडी, आणि तिच्यातल्या खोट्या पानांवर खऱ्या पिचकाऱ्या.

"या आसिफाभाभी," भारत म्हणाला आणि बोलण्याआधी कुंडीत थुंकला. "आता इथं थेटर होणारे."

शहागडला हायवेच्या कडेला, पंक्चरच्या टपरीशेजारी, आसिफाचं पडद्यांचं दुकान. वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा रहमतुल्ला ट्रक चालवून घरी यायचा तो डोळे लाल करून. रात्रभर गाडी हाणायची आणि दुपारी ढाब्यावर केबिनमध्ये झोपायचं, तर ऊन पापण्या फोडून आत. तिने त्याच्यासाठी दुहेरी कापडाचा पडदा शिवून दिला. तो म्हणाला, "कबर में सोया जैसा लगा." तिने त्याला शिव्या घातल्या, पण पुढच्या आठवड्यात दोन ड्रायव्हर दारात उभे. तेव्हापासून ती अंधार शिवते. दुपारी बाराला कापड उन्हात धरायचं, मागे हात घालायचा, बोटं दिसली की ठाण परत. एकदा जालन्याच्या व्यापाऱ्याने तिला सांगितलं, "रात्री दुकानातल्या ट्यूबखाली बघा, काय फस्क्लास दिसतं." तिने त्याच्याकडून पुन्हा कापड घेतलं नाही.

"आसिफा का?" दाराशेजारच्या खाटेवरून भारतचे वडील, रखमाजी आबा बोलले. "पिशवी डाव्या खांद्याला दिसून राह्यली."

"मीच, आबा."

आबांच्या डोळ्यांत काचबिंदू. माणसाचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. पण बैठकीच्या दोन फळ्यांच्या उघड्या दारात बाहेरच्या उजेडावर माणूस उभा राहिला की त्याचा आकार कळायचा. कोण लंगडतं, कोण पोक काढतं, कोणाच्या डोक्यावर पाटी. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत ते त्या दाराकडे तोंड करून बसायचे. पूर्ण आळी रोज त्यांच्या डोळ्यांसमोरून जायची, काळी काळी.

आणि त्या आळीत दिवसा बैठकीचं दार लावायची पद्धत नव्हती. लागलं, तर घरात माणूस गेलं असं समजून शेजारी यायचे.

भारतने माप सांगायला सुरुवात केली. "दोन खिडक्या, आणि हे दार. दाराला जाडजूड लावा. दीडशे इंची चित्र पडणारे समोरच्या भिंतीवर. सुट्टीत पोरं येतील. म्हणतात, पप्पा, गावात काय आहे? दाखवतो त्यांना, काय आहे ते."

हे बोलताना त्याचा आवाज थोडा हलला. त्याची बायको प्रीती दोन्ही मुलांना घेऊन शिक्षणासाठी संभाजीनगरला राहत होती, हे आसिफाला माहीत होतं. तिला क्षणभर त्याची कीव आली. मग तो परत कुंडीकडे वळला आणि कीव जागच्या जागी विटली.

मुझफ्फर प्रोजेक्टरची दोन खोकी टेबलावर मांडून उभा होता. अंबडला त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, आणि नात्याने तो आसिफाच्या चुलतबहिणीचा मुलगा. पहिल्या खोक्यावर सोनेरी अक्षरात पंधरा हजार ल्युमेन. दुसरं खोकं साधं, पिवळट, त्यावर तीन हजार सहाशे.

"ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप, भाभी," भारतने तिला समजावलं. "पंधरा हजार कुठं अन् छत्तीसशे कुठं. अन् वरून हे पंधरावालं निम्म्या किमतीत. काल दाखवलं ह्याने. काय चित्र होतं. डोळे फाटले."

"काल कधी?"

"सातला."

"संध्याकाळी?"

"मंग?"

आसिफाने मुझफ्फरकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता. उलगडलेली, परत गुंडाळत होता.

"आत्ता लाव की रे," ती म्हणाली. "अकरा वाजलेत, ऊन बराबर आहे."

मुझफ्फर तिच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "खाला, परदा मोटा सिलाओ, बस. तुम्हारा भी कुछ देखेंगे."

म्हणजे चित्र फिकं पडलं की पडद्याचा दोष, आणि पडदा आसिफाचा. या पोराच्या बारशाला तिने टोपडं शिवलं होतं.

"लाव," ती मोठ्याने म्हणाली. "भारतभाऊंना बघू दे."

लावलं. पंधरा हजारवाल्याने समोरच्या पांढऱ्या भिंतीवर जे फेकलं ते चित्र म्हणायला जीभ वळेना. भिंतीवर कुणी पातळ ताक ओतून पुसलं असावं. त्यात एक माणूस हलत होता, की म्हैस, कळेना. आसिफाने पिशवीतून केबिनचे दोन तयार पडदे काढले आणि खिडक्यांच्या गजांना अडकवले. ताक जरा घट्ट झालं. माणूस होता तो. पण त्याचा काळा कोट राखेच्या रंगाचा.

"काळं का दिसून न्हाई राह्यलं?" भारत म्हणाला.

"मशीन उजेड फेकतं, भाऊ. अंधार कुठून फेकणार? भिंत जेवढी काळी, तेवढंच चित्रातलं काळं. दारातून एवढं ऊन येतंय, त्यात ते खोक्यावरचे आकडे काय चाटायचे?"

"छपाई कंपनीची आहे, आपण थोडीच छापली," मुझफ्फर घाईने म्हणाला. "शेठ, दार लावून बघा. दार लावलं की एकदम टाकीज."

"लाव रे," भारत म्हणाला आणि स्वतःच उठला.

"भारतभाऊ, आबा बसलेत," आसिफा म्हणाली.

"पाचच मिनिटं."

दोन्ही फळ्या एकमेकींना भिडल्या.

चित्र उजळलं, हे खरं. कालच्याइतकं नाही, पण उजळलं. भारत खूश होऊन प्लास्टिकवर करकर बसला. मुझफ्फरने आवाज वाढवला. सिनेमातली बाई नेमकी तेव्हाच कोणाच्या तरी प्रेतावर पडून हंबरडा फोडायला लागली, आणि चारी कोपऱ्यांतले भोंगे तिच्याबरोबर रडायला लागले.

"भारत," आबा म्हणाले. कोणी ऐकलं नाही. "भारत, लाईट गेली का? मला काहीच दिसून न्हाई राह्यलं."

आसिफा खाटेजवळ गेली. आबांचा हात हवेत दार शोधत होता. "दार लावलंय आबा. सिनेमासाठी."

"दिवसा?" त्यांनी तिचं मनगट धरलं. "दिवसा दार लावलं?"

पाच मिनिटांची दहा झाली. मग बाहेरून कडी वाजली, आणि फळी ढकलून शेजारचा कचरू आत आला. टोपी हातात, मागे सात-आठ माणसं. कोणाच्या खांद्यावर पांढरं उपरणं, एकाच्या हातात गोवऱ्यांचं पोतंसुद्धा. लगबगीचा माणूस.

कचरूने भारतला मिठीच मारली. "कधी झालं रे? सकाळी तर बोलल्ते माझ्याशी."

भारतचं तोंड गुटख्याने भरलेलं. त्याला बोलता येईना. ते बघून कचरूला आणखी भरून आलं.

"कोण गेलं रे, कचरू?" खाटेवरून आवाज आला.

कचरू मिठी सोडून वळला. "आम्हाला वाटलं, तुम्ही."

"मला कोणी सांगितलं न्हाई."

मागचा एकजण फिसकन हसला. गोवऱ्यावाल्याने पोतं पाठीमागे लपवलं. कचरू मात्र कपाळावर हात मारून म्हणाला, "पण मी परतूरला तुमच्या लेकीला, शीतलताईला फोन केला. निघाली ती. रडत निघाली."

इतकं झाल्यावर माणूस लाजेल, असं आसिफाला वाटलं. भारतने तोंड मोकळं केलं, कुंडीतच, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं:

"त्यापेक्षा आबांची खाट मागच्या खोलीत टाकू. मंग दार लावलं तरी कोणी यायचं न्हाई. लोकांना कळेल, ते मागं राहतात म्हणून."

मागच्या खोलीत पाण्याची मोटर होती आणि खताची पोती. खिडकी नव्हती. मुझफ्फर मान हलवत होता, "बिलकुल, बिलकुल." आसिफाला त्या दोघांकडे बघवेना. स्वयंपाकघरात झुरळ पायाखाली फुटलं की जसं अंग शहारतं, तसं तिचं शहारलं.

तिने मापाची पट्टी गुंडाळली. "खिडक्यांचे पडदे देते. दाराचं माप मी घेत न्हाई."

"जालन्यात शिंपी कमी आहेत का?"

"लय आहेत. जावा."

"तुम्हाला काय करायचंय भाभी आमच्या घरातलं? पडदा शिवायचा अन् गप राह्यचं."

"गपच राह्यले असते. तुम्ही ते मागल्या खोलीचं त्यांच्यासमोर बोललात."

भारत काही बोलणार, तोच आबा उठले. उठले म्हणजे खाटेची कड धरून उभे राहिले. "कचरू, ती बाजू धर. आसिफा, तू पायथा धर बाई."

"कुठं न्यायची, आबा?"

"पुढं. अजून पुढं. उंबऱ्यावर."

खाट ओढत ओढत उंबऱ्यावर आली. दोन पाय आत, दोन पाय बाहेर ओट्यावर. आबांनी हाताने चाचपून एक फळी ढकलून पाहिली. फळी खाटेला येऊन थटली. दुसरी ढकलली. तीही थटली. मग ते खाटेवर आडवे झाले, पाय आळीकडे करून.

"आता लावा तुमचं मशीन," ते म्हणाले. "मी मेलो की खाट काढा. तोवर इथंच."

बाहेरून एक ट्रक धाडधाड गेला आणि त्याच्या काचेवरून उसळलेला उन्हाचा झोत भिंतीवरच्या रडणाऱ्या बाईला पुसून गेला.

मुझफ्फरने गुपचूप दुसरं खोकं फोडलं, छत्तीसशेच पण खऱ्या ल्युमेनचं. धंद्याचा माणूस, वारं कुठलं ते त्याला कळलं. चित्र पाडायच्या कापडाची राखाडी सुरळी काढून समोर टांगली, बाजूचा उजेड पिऊन टाकणारी. यंत्र पुढे सरकवलं आणि चित्र दीडशेवरून शंभर इंचांवर आणलं. दार सताड उघडं. बाईच्या गालावर रंग आला, साडी हिरवी निघाली, केस काळे म्हणावेत इतपत काळे झाले. फार झगझगीत नव्हतं. पण माणूस माणसासारखा दिसत होता.

"लहान आहे," भारत म्हणाला.

"दिसतंय की पण," कचरू म्हणाला. सगळी माणसं मातीला आली होती, ती सोफ्याच्या प्लास्टिकवर टेकून सिनेमा बघायला लागली.

"मंग शेठ? कोणतं ठेवू?" मुझफ्फरने विचारलं.

भारतने उंबऱ्यावरच्या खाटेकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. "ते छत्तीसशेचं ठेव. रोज कोणी पोतं घेऊन यायला नको."

आसिफा टाचण्या ओठांत धरून खिडकीचं माप घेत होती. तेवढ्यात भारतचा फोन वाजला. शीतल होती. अर्ध्या वाटेत गाडी थांबवून बोलत असावी, रडणं खोलीभर ऐकू येत होतं.

"अगं काही न्हाई झालं. ठणठणीत आहेत," भारत म्हणाला. "वाऱ्यानं दार लागल्तं. कचरूला काय, अक्कल न्हाई. ऐक, मी प्रोजेक्टर घेतलाय. दार उघडं ठेवून चालणारा. महागाचा आहे, पण म्हटलं आबांसाठी काय पैशाकडे बघायचं."

आसिफाने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. तोंडात एवढं कडू पाणी आलं की थुंकल्याशिवाय राहवेना. पण घर आबांचं होतं. ती खाटेला वळसा घालून बाहेर गेली, रस्त्यापर्यंत गेली, आणि तिथे थुंकली.