जीपचं तेल गळत होतं अन् भडकलो मी

भावांनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहून राह्यलो.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी मेडशीच्या एका गॅरेजवर लागलो, हे तुमाले माहीतच आहे. जिच्यावर माहा जीव आहे, तिच्या बाबांची, म्हणजे काकांची, फोर-व्हील जीप आज तिसऱ्यांदा आली. चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधून पुन्हा तेल गळत होतं. दोन्ही वेळा नवं ऑइल सील मीच बसवलं होतं.

काका म्हणाले, "कॉलेज अर्धं, कामही अर्धंच काय बे?"

ती जीपमध्येच बसली होती. माहं डोकं फिरलं. पाना आपटला अन् म्हटलं, "मंग दुसरीकडं न्या."

आमचे गॅरेजवाले उस्ताद गाडीखाली शिरले. ट्रान्सफर केसच्या वरची हवेची बारीक नळी काढून त्यांनी माह्या हातात देली. वावरातल्या काळ्या मातीनं ती गच्च बुजली होती.

"गरम हवेले निघाले वाट नाही, मंग ती तेलच ढकलीन नं. सीलं किती बदलशीन?"

नळी साफ केली, नवं सील टाकलं, जीप फिरवून आणली. खाली थेंब नाही. काका "बरं" म्हणून निघाले. मी पाना पुसत उभाच राह्यलो. तिनं वर पाह्यलंच नाही.

दोन वर्षं तिच्याशी एक शब्द बोलता आला नाही, अन् आज तिनं माहा रागच ऐकला. उद्या काकांची माफी मागाले घरी जातो. दार तिनंच उघडलं तर काय बोलू?