शालींचं तबक

गेल्या रविवारी सातपूरच्या आमच्या कॉलनीत, दहावीच्या गुणगौरवात, माझ्या शेजारच्या ताईंवर अन्याय झाला. सगळ्यांदेखत झाला.

ताई कंपनीत पॅकिंगला, सेकंड शिफ्टला. दुपारी निघताना लेकीला कुकरच्या शिट्ट्यांपासून गणितापर्यंत सगळं बजावणार आणि प्रत्येक वाक्याला "हो की नाय गं?" जोडणार. यंदा लेकीचा गणित विषय गेला. तरी त्या शालींचं तबक धरून हौसेनं स्टेजवर उभ्या होत्या. पास झालेल्यांच्या आयांचा सत्कार होता ना!

अध्यक्ष माईकवर म्हणाले, "आईचं लक्ष असलं की पोरं नापास होतच नाहीत."

टाळ्या पडल्या. तबक सांभाळत ताईंनीही मान डोलावली. लेक समोरच बसली होती. तिनं ते पाहिलं.

सोमवारी दुपारी ताई दारातच दिसल्या. "आज गेला नाहीत?" मी विचारलं.

"सोडलं काम. माझंच लक्ष नव्हतं, हो की नाय?"

त्याच पगारातून लेकीच्या क्लासची फी जायची. आता क्लासही बंद. अध्यक्षांचं काय गेलं?

पुढच्या वर्षी तुमच्या कॉलनीत कुणी हे वाक्य बोललं, तर टाळ्या वाजवू नका. उभे राहा आणि त्याला तिथंच थांबवा.