गुडघ्याची साक्ष

“तोंडावर जाऊ नका, सिस्टर. गुडघ्याला विचारा,” असं म्हणत डॉक्टरसाहेब खिशातून रबरी हातोडी काढायचे.

बडोद्याबाहेरच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते. समोरचा खोटंच बोलतोय असं धरून चालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामगार नुसता खोकला, तरी साहेब डोळे बारीक करायचे. माझ्या रजेच्या अर्जावरची तारीखसुद्धा दोनदा वाचायचे.

हातोडीवर मात्र त्यांचा पूर्ण भरवसा. मी नवीन असताना त्यांनी समजावलं होतं, “गुडघ्याखाली टिचकी मारली की मांडीचा स्नायू ताणला जातो. एक चेतापेशी ती खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत नेते. तिथे ती दुसरीला सांगते आणि दुसरी लगेच स्नायूला आखडायला लावते. पाय उडतो. मेंदूला कळतं ते नंतर. बनाव रचायला वेळच कुठाय?”

एकदा माल भरण्याच्या विभागातले रमणभाई लंगडत आले. “साहेब, पगमां जोर नथी,” पायात जोरच नाही म्हणाले. त्यांच्या सुपरवायझरचा आधीच फोन आला होता. ढोंग आहे, कामावर परत पाठवा. पुन्हा काम सोडून बसला तर नोकरी जाईल, असं तो म्हणाला होता. साहेबांनाही तसंच वाटत होतं.

“नाटक बंद करो, रमणभाई.”

साहेबांनी दोन्ही गुडघ्यांखाली हातोडी मारली. डावा पाय उडला. उजवा हलला नाही. मुद्दाम आवळून धरलाय का, म्हणून साहेबांनी मांडी दाबून पाहिली. सैल होती. रमणभाईंना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला लावलं, आणि त्यांचं लक्ष तिकडे असताना पुन्हा मारलं. पाय लोंबकळतच राहिला.

“वाटेत कुठेतरी नस दबलीय,” साहेब हळूच म्हणाले. मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. मग खाली बसून त्यांनी स्वतः रमणभाईंच्या पायात बूट चढवला, नाडी बांधली. माफी मागणं त्यांना कधी जमलं नाही. मणक्यातली चकती सरकली होती. ऑपरेशन झालं, नोकरी वाचली.

दोनेक वर्षांनी एका सकाळी माझ्या हातून इंजेक्शनची कुपी फुटली. साहेबांना टेबलाखाली चपला काढून बसायची सवय. मी झाडू घेऊन आले, तर टेबलापासून कपाटापर्यंत पांढऱ्या फरशीवर लाल ठसे.

“सर, पायात काच रुतलीय!”

“कुणाच्या?”

मी त्यांच्या तळव्याकडे बोट दाखवलं. ते बघतच राहिले. काच टोचल्याबरोबर पाय आपोआप मागे यायला हवा, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आता संशय मला आला.

“सर, साखर कधी तपासली होती?”

“मला काय धाड भरलीय? उगाच संशय घेता तुम्ही.”

मी काच काढली, पट्टी बांधली आणि त्यांच्याच खिशातली हातोडी घेतली. ते तपासणीच्या टेबलावर जाऊन बसले. मी मारलं. काही नाही. त्यांनी आपणहून बोटांत बोटं अडकवली, डोळे मिटून ओढली. दुसऱ्या पायावर मारलं. काही नाही.

“जोरात मारा, सिस्टर,” ते म्हणाले.

साखर खूप वाढली होती, बहुधा कित्येक वर्षं, आणि तिने पायांच्या नसा निकामी केल्या होत्या. पुढे औषधांनी ती उतरली, पण पायांची जाणीव परतली नाही. चार महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी मी आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दवाखान्यापासून फाटकापर्यंत ते एकटेच गेले, मान खाली घालून, आपलं प्रत्येक पाऊल जमिनीला टेकलेलं डोळ्यांनी पाहून, मगच पुढचं उचलत.