चिकूचा रंग जुळवताना

मुलांनो, तुम्ही आजोबांना पाहता ते पडद्यावर, आणि प्रत्येक पडद्यावर ते वेगळे दिसतात. एकीकडे पिवळे, दुसरीकडे निळसर. परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, आजोबा खरे कसे दिसायचे?" ती त्यांच्या कडेवर बसायची तेव्हा वर्षाची होती, तिला काही आठवत नाही. त्याच आठवड्यात आजोबांच्या जुन्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं. आजोबा आणि धाकटीचा एकुलता एक फोटो त्याच फोनमध्ये होता. म्हणून तो कागदावर छापून घेण्याचं काम मी लगेच हाती घेतलं, आणि ते कसं केलं हेही लिहून ठेवते आहे.

फोटो वाणगावच्या आपल्या वाडीतला. चिकूची तोडणी चालू आहे, आजोबांच्या कडेवर धाकटी, पायाशी भरलेली टोपली.

पहिली चूक माझी. बोईसरच्या फोटोवाल्याला मी तो मेसेजने पाठवला आणि प्रिंट धुरकट आली. "आजी, मेसेजने फोटो बारीक होऊन येतो. फोनच घेऊन या," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेले. केबल लावल्यावर फोन दोनदा बंद पडला. तिसऱ्या खेपेला फाइल उतरली. ती मी पेनड्राइव्हवरही घेतली. त्यानंतर तो फोन सुरू झालाच नाही.

नवी प्रिंट स्पष्ट होती, पण चेहरा गोरापान आणि गाल गुलाबी.

"हे कोण?" मी विचारलं.

"आजोबाच की!"

"हे माझे यजमान नाहीत. आणि टोपलीत आम्ही बटाटे कधी भरले?"

तो हसला. "आजी, सगळ्यांना गोरंच पायजे असतं. काळं छापलं तर गिऱ्हाईक भांडायला येतं."

"मग मी गोरं छापलंत म्हणून भांडायला आलेय असं समजा."

पण माणसाचा रंग तोंडाने सांगता येत नाही. मी सावळा म्हणणार, तो म्हणणार सावळाच केलाय. म्हणून पुढच्या खेपेला वाडीतले चार चिकू न धुता पिशवीत घातले आणि त्याच्या काउंटरवर मांडले.

"फोटो छापायला आलात की चिकू विकायला?"

"टोपलीतला चिकू या चिकूसारखा दिसला पाहिजे. तो जमला की माणूसही जमेल. आणि जमलं तर हे चारही तुमचे."

मी त्याच्या शेजारी बसून कॉम्प्युटरवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचू लागले. रंग आपोआप सुधारण्याच्या चौकटीत बरोबरची खूण होती. मशीन बसवणाऱ्याने ती केली, तेव्हापासून कोणी हात लावला नव्हता. ती काढायला लावली. मग पूर्ण प्रिंट न काढता टोपली आणि चेहरा येईल एवढाच लहान तुकडा छापून घेतला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो छान वाटला, बाहेर उन्हात नेला तर काळपट. दुसरा लालसर निघाला. मी आत-बाहेर करत राहिले.

तिसऱ्या तुकड्यावर हातातला चिकू ठेवला आणि दोन्ही रंग एक झाले. चेहऱ्याकडे मी तोवर मुद्दाम पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. उन्हात रापलेले गाल, आणि कपाळावर टोपीखाली राहून फिकट पडलेली पट्टी. ती पट्टी मशीनने पुसून टाकली होती, आणि ती गेल्याचं मलाही कळलं नव्हतं.

फोटोवाला बाहेर येऊन वाकून बघत म्हणाला, "मी आजोबांना नाय बघितलं, पण हा माणूस वाडीतला हाय खरा."

चिकू त्याला दिले आणि चमक नसलेल्या कागदावर तीन मोठ्या प्रिंट काढल्या. दोन तुमच्याकडे पाठवल्या आहेत, एक माझ्या कपाटात आहे. आजोबांचा खरा रंग या तीन कागदांवर आहे.