बेटावर एक नाव घ्यायचं राहिलं

भूत, चकवा, करणी... यातलं मला कधी काही पटलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव माझी नात प्रणाली जेवताना वाचून दाखवते आणि मी दर वेळी म्हणतो, या लोकांना रिकामा वेळ लय. आमच्या आळीत कोणी दारात लिंबू टाकलं तर ते धुऊन त्याचं सरबत करून पिणारा मी माणूस. शाळा दुसरीपर्यंत. लिहिताना चुकलं तर समजून घ्या, पण खोटं एक अक्षर लिहिणार नाही. जे झालं त्याला घरातली माणसं साक्षीदार आहेत. एक गोष्ट मात्र त्यांनाही माहीत नाही. ती शेवटी लिहितो, धीर झाला तर.

आम्ही पंचवटीतले. भाजी बाजारात माझी पालेभाजीची जागा होती, आता मुलगा बाळू बघतो. माझा आवाज मोठा. मी मेथीचा भाव पुकारला की गोदावरीच्या पलीकडं ऐकू जातो, असं लोक म्हणायचे. पण त्या आवाजात बायकोचं नाव कधी आलं नाही. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. ती मला 'अहो' म्हणते, मी तिला 'अगं' नाहीतर 'बाळूची आई'. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी अडवलं तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवून उठलो होतो. दवाखान्यात, बँकेत कोणी तिचं नाव विचारलं की मी बाळूकडं बघतो. तिचं नाव सोजर.

तिची लय दिवसांची एक इच्छा होती, होडीत बसायची. नदीकाठी जन्म गेला, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. मागच्या शिमग्याच्या आधी बाळूनं गाडी केली. मी, ती, बाळू, सून मनीषा, प्रणाली आणि माझा मेव्हणा नामदेव, म्हणजे हिचा धाकटा भाऊ.

घोटीच्या पुढं धरणाचं मोठं पाणी आहे, डोंगराच्या घळीघळीत शिरलेलं. मधोमध एक बेट. बेट कसलं, टेकडीचा माथाच तो. खाली गाव होतं. धरण झालं तेव्हा गाव उठवलं, वरचं देवीचं ठाणं तेवढं उरलं. शेंदूर लावलेला दगड, चार खांबांवर पत्रा, दोन पायऱ्या, शेजारी उंबर. तिथल्या पाड्यावरचा कचरू म्हणून एक जण मशीनची होडी चालवतो. त्यानं नारंगी जाकिटं घालायला लावली आणि आम्हाला तिकडं नेलं.

जाताना तिनं हात पाण्यात सोडला होता. मला म्हणाली, "अहो, लय गार हाय बघा."

मी म्हटलं, "पाणी गारच असतं."

तिनं हात काढून पदराला पुसला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

वर उंबराखाली जेवलो. भाकरी, ठेचा, मटकी. तिनं देवीची ओटी भरली. ऊन कलायला लागलं तसा कचरू माझ्याकडं आला.

"बाबा, तुम्ही सगळ्यात मोठे. इथून निघताना मोठ्या माणसानं एकेकाचं नाव घ्यायचं आणि 'चल घरी' म्हणायचं. मग मी होडी सोडतो."

"कशाला? मागं कोण राहतंय?"

"गाव उठलं तवा आमच्या म्हाताऱ्यांनी असंच घराघरापुढं उभं राहून माणसं बोलवून काढली. तवापासून रीत हाय. नाव घेतलं की माणूस समदं येतं."

"आणि नाय घेतलं तर?"

कचरू हसला. "आम्ही घेतोच ना, बाबा."

म्हटलं, चला, याचं मन कशाला मोडा. उभा राहिलो आणि बाजारातल्यासारखं पुकारलं. बाळू, चल घरी. मनीषा, चल घरी. प्रणाली, चल घरी. नामदेव, चल घरी.

नामदेव म्हणाला, "मला शेवटी बोलावलं का दाजी? दोन भाकरी जास्त खाल्ल्या म्हणून?"

सगळे हसले. मग त्याला चेव आला. "आणि आमची आक्का?"

"तिला काय बोलवायचं? ती येतेच."

"असं नाय. रीत म्हणजे रीत. एवढे म्हातारे झालात, एकदा होऊन जाऊ द्या दाजी."

प्रणालीनं लगेच मोबाईल काढला. "थांबा आप्पा, व्हिडिओ करते. उखाण्यात घ्या हां." मनीषा तोंडावर हात ठेवून हसत होती. बाळू हसत होता. कचरूसुद्धा दात काढून उभा.

तिथं माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ती काय शेळी हाय का, हाका मारून गोळा करायला? माझ्या मागं चालत येते ती. आजवर आलीच ना?"

ती देवीच्या पायरीवर बसली होती. मांडीवर प्रसादाचा नारळ. हळूच म्हणाली, "घ्या की एकदा. इथं परकं कोण हाय?"

मी उतरलो आणि होडीत जाऊन बसलो. मागून सगळे आले. कचरू दोरी हातात धरून थांबला होता. मी म्हटलं, "सोड." त्यानं बाळूकडं बघितलं. बाळू म्हणाला, "सोड बाबा, आप्पा काय ऐकायचे नायत."

ती मनीषाच्या शेजारी बसली होती. हे सगळ्यांनी बघितलं आहे. प्रणालीच्या व्हिडिओतही ती दिसते... पदर डोक्यावर, हात मांडीवर.

गाडीत ती बोलली नाही. वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर ही घरात चपला घालून, पिशवी घेऊन उंबऱ्याशी बसलेली.

"निघायचं का?" मला विचारलं.

"कुठं?"

"घरी."

"घरीच हायस की."

तिनं चहूकडं बघितलं. पाहुणा बघतो तसं. मग पिशवी खाली ठेवली. पण त्या दिवसापासून रोज दुपारी तेच. चपला, पिशवी, "निघायचं का?" बाकी भाकरी करायची, भाजी निवडायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण डबे कुठं ठेवायचे ते मनीषाला विचारायची. स्वतःच्या घरात, जे डबे तिनंच लावले होते.

आणि ओल. ती जिथं बसायची तिथली फरशी ओली व्हायची. लुगड्याचा काठ बोटभर ओला. वाळलेलं लुगडं सकाळी नेसायची, दुपारपर्यंत काठ ओला... वास शेवाळाचा. मनीषानं आधी मोरी तपासली, मग प्लंबर बोलावून नळ तपासले. कुठं गळती नाही.

डॉक्टरकडं नेलं. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं सगळं उत्तम आहे, कधीकधी वातावरण बदललं की होतं असं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागायची, बाकी फरक नाही.

एके दिवशी मनीषा म्हणाली, "मामा, रागावू नका. एकदा तिकडं जाऊन आत्यांचं नाव घेऊन या."

मी म्हटलं, "बारावी शिकलेली तू, आणि असलं बोलतेस?"

"शिकलेली हाय म्हणून आधी डॉक्टरकडं नेलं."

त्यावर मी तिच्याशी बोलणंच टाकलं. माझी ही सवय आहे.

पण मनात खात होतं. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो, दाराकडं बघून खात्री केली की कोणी नाही, आणि म्हटलं, "सोजर."

आयुष्यात पहिल्यांदा. कानशिलं गरम झाली माझी.

तिनं हातातली काडी खाली ठेवली आणि खिडकीकडं कान केला. "ऐकलं का? कोणीतरी बोलवतंय... लय लांबून."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो.

शहाणा माणूस असता तर त्याच संध्याकाळी घोटीला गेला असता. मी गेलो नाही. नामदेव काय म्हणेल, प्रणाली काय म्हणेल, आळीत काय होईल... लिंबाचं सरबत पिणारा म्हातारा शेवटी हाका मारायला गेला. उद्या बघू, उद्या बघू, करत उन्हाळा गेला. पाऊस लागला आणि होड्या बंद झाल्या.

पाऊस वाढला तशी तिची ओल वर चढली. आधी काठाला होती ती पोटऱ्यांपर्यंत आली. मग गुडघ्यांपर्यंत. ती म्हणायची, "पाणी वर येतंय हो." एवढंच, तक्रार नाही. टीव्हीवर धरणं भरल्याच्या बातम्या लागल्या की मी उठून बाहेर जायचो. भादव्यात ओल कमरेपर्यंत आली, छातीत कफ झाला, हुडहुडी थांबेना. दवाखान्यात ठेवलं. तिथं खाटेवरची चादर दुपारी ओली व्हायची. नर्सबाई समजायच्या ते समजायच्या आणि बदलायच्या. मनीषा त्यांना काही सांगायची नाही, माझ्याकडं मात्र बघायची.

त्या दिवशी मी बाळूला म्हटलं, "गाडी काढ."

कचरू आधी नाही म्हणाला. "बाबा, पाणी पायरीला लागलंय, वारा हाय, होडी बंद हाय." मी त्याच्यापुढं हात जोडले. बाळू बाजूला उभा होता. मी आजवर कोणापुढं हात जोडले नव्हते, गिऱ्हाइकापुढंसुद्धा नाही. कचरूनं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाला, "त्या दिवसाचे तुम्ही. घेतलं नव्हतं ना एक?" आणि दोरी सोडायला लागला.

बेट आता वीतभर उरलं होतं. खालची पायरी पाण्यात, वरची ओली. होडी पायरीजवळ लावली. मी उभा राहिलो आणि तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. बाजार डोक्यावर घेणारा माणूस मी. घशातून नुसतं वारं आलं. बाळूनं तोंड दुसरीकडं केलं. कचरूही पाण्याकडं बघत राहिला.

मग फुटला. "सोजर, चल घरी." डोंगरावर आपटून परत आला माझा आवाज. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मी रडत होतो.

उत्तर आलं नाही. कोणी दिसलंही नाही. पण होडी माझ्या बाजूला खचली, काठावरून कोणी पाय आत टाकल्यावर खचते तशी. मी आणि बाळू दोघंही जागचे हललो नव्हतो.

कचरू एवढंच म्हणाला, "मधी सरका बाबा. जागा द्या."

मी सरकलो. काठाला लागेपर्यंत माझ्या शेजारची फळी ओली होती आणि मी तिकडं बघितलं नाही.

रस्त्याला लागल्यावर रेंज आली आणि मनीषाचा फोन आला. "मामा, आत्या उठून बसल्या. 'ओ, आले आले' म्हणाल्या मोठ्यांदा. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली. चादर कोरडी हाय मामा. मी तीनदा हात लावून बघितली."

कफ जायला वेळ लागला. पण घरी आली तेव्हा ती तीच होती. आल्या आल्या मनीषाला म्हणाली, "हे डबे कोणी इकडं लावले गं? कामं करता का खेळ करता?" मनीषा रडायला लागली, हिला कळेना डब्यांवरून काय रडतेस. मधले महिने तिला आठवत नाहीत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बाळूनं डॉक्टरला विचारलं, डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं. बाळूनं मान डोलावली. मीही डोलावली.

परवा संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. ती आपणहून बोलली, माझ्याकडं न बघता.

"मी तिथं पायरीवरच होते. तुम्ही सगळे होडीत बसलात. मला उठता येईना. बघितलं तर होडीत मनीषाजवळ मीच बसलेली. म्हटलं, आता कसं होणार. मग तुम्ही मागं वळून बघितलं. मी हात केला."

मी कपातला उरलेला चहा संपवला.

"तुमचं लक्ष नव्हतं वाटतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाय. मला काय दिसलं नाय."

ती "बरं" म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

आता ते लिहितो, जे कोणाला माहीत नाही. मला दिसलं होतं. होडी निघाली तेव्हा मी मागं बघितलं. पायरीवर ती होती, तेच हिरवं लुगडं, मांडीवर नारळ, हात वर केलेला. मी वळून होडीत बघितलं, ती मनीषाशेजारी होती. पुन्हा मागं बघितलं, ती पायरीवर होती. कचरूला थांब म्हणायला किती वेळ लागला असता? पण नामदेव अजून हसत होता, प्रणालीचा मोबाईल चालू होता. मी तोंड फिरवलं आणि समोरच्या डोंगराकडं बघत बसलो.

इथं शिकलेली माणसं आहेत. एक माणूस एकाच वेळी दोन जागी कसं दिसतं, घोटीचं पाणी चढलं की पंचवटीत लुगडं कसं भिजतं, याचं कारण कोणाला माहीत असेल तर सांगा. मला सापडलेलं नाही. तोंड का फिरवलं, ते विचारू नका. ते मला माहीत आहे.