रेषा पुसलीय, फक्की टाका

संकेतचा फोन आला तेव्हा दिवेलागण केव्हाच होऊन गेली होती. संकेत म्हणजे डिलाईल रोडच्या आमच्या कबड्डी संघाचा कप्तान, दिवसा लोअर परळच्या एका कचेरीत नोकरी करणारा. "दिनूकाका गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलात नेलंय?" तो म्हणाला, "नेलं होतं. आता घरी आणतायत." एवढं स्पष्ट ऐकूनही मी त्याला जुनी फाइल कपाटात वरच्या खणात असते, ती बरोबर घ्या, असं सांगत राहिलो. त्याने मला बोलू दिलं. माझं मलाच कळून मी थांबलो, तेव्हाच त्याने फोन ठेवला.

दिनू हडकरला हॉस्पिटलात नेणं हे आम्हा मित्रांचं ठरलेलं काम होतं. टॅक्सी कोणी थांबवायची, फाइल कोणी घ्यायची, शुभावहिनींजवळ कोणी बसायचं, सगळं वाटून दिलेलं. तो इतक्या वेळा आत गेला आणि इतक्या वेळा हसत बाहेर आला, की तो जाऊ शकतो हेच आम्ही विसरून गेलो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझं आयुष्य गेलं. हृदयविकाराने निधन, ही ओळ कितीदा लिहिली असेल. ज्याला इतकी वर्षं हृदयविकार आहे, त्याच्या नावापुढे ती लिहिताना खरं तर कुणालाच आश्चर्य वाटायला नको. मला मात्र आज काही आठवड्यांनंतरही ती खोटी बातमी वाटते, कुणी तरी नीट चौकशी न करता दिलेली.

दिनू आणि मी लालबागच्या एकाच शाळेतले. तो उत्तम चढाई करायचा. त्या जोरावर त्याला खेळाडू म्हणून बँकेत नोकरी मिळाली आणि बँकेच्या संघातून तो पुष्कळ वर्षं खेळला. पहिला झटका आला तो मैदानावरच, जुन्या खेळाडूंच्या एका सामन्यात. आपल्याला पित्त झालंय असं त्याने स्वतःच ठरवलं, सोडा प्यायला आणि उरलेला सामना खेळून घरी गेला. शुभावहिनींनी त्याचा घामेजलेला, पांढरा पडलेला चेहरा पाहिला आणि त्याला खुर्चीवरही टेकू न देता खाली आणलं. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर मनगटावरची पट्टी दाखवत म्हणाला, "एवढ्याशा भोकातून थेट काळजात शिरले रे. बोनसचा गुण घेऊन परतसुद्धा गेले." टीव्हीवर आपलंच काळीज हलताना पाहिल्याचं तो बरेच दिवस सगळ्यांना सांगत होता. पानं गळलेल्या झाडासारख्या बारीक फांद्या दिसल्या म्हणे, आणि त्यातली एक अर्ध्यातच संपलेली.

काही वर्षांनी स्टेंट पुरेना, तेव्हा बायपास ठरली. पायातली शीर काढून हृदयाला जोडणार, हे सर्जनने समजावून सांगितल्यावर दिनूने एकच प्रश्न विचारला, "कुठल्या पायाची?" सर्जन म्हणाला, जी चांगली असेल ती. "मग उजव्याची बघा. डावा मला चढाईला लागतो." सर्जनला ती थट्टा वाटली. शुभावहिनींना नाही वाटली. त्या व्हरांड्यात आल्या आणि मला म्हणाल्या, "भावजी, ह्याच्या डोक्यातून ते मैदान कोणीतरी काढा." छातीचं हाड सांधेपर्यंत खोकताना उशी छातीशी आवळून धरायची असते. त्या उशीला त्याने नाव ठेवलं होतं 'पकड'. घरात खोकला आला की ओरडायचा, "गो, पकड खंय गेली?"

चढाई संपली, हे त्यालाही कळत होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, रोज, न चुकता. हलका व्यायाम चालेल, खेळ नको. यातून त्याने आपल्यापुरता अर्थ काढला आणि पंचगिरीची परीक्षा दिली. पंच धावत नाही, मध्यरेषेच्या टोकाला उभा राहून दोन पावलं इकडे आणि दोन तिकडे करतो, असं त्याने डॉक्टरांना खोलीत चालून दाखवलं होतं म्हणे. डॉक्टर हो म्हणाले. घरची परवानगी मिळवणं जास्त कठीण गेलं. मी तिथेच होतो. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि दिनू मालवणीत विनवत होता, "गो, मी काय मरूक जातंय? शिटी मारूक जातंय." शेवटी वहिनींनी त्याच्या पांढऱ्या शर्टाला आतून एक छोटा खिसा शिवला. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी त्यात राहील, अशा बेताचा. ही त्यांची अट. त्यानेही आपली एक अट घातली, की वहिनींनी मैदानावर यायचं नाही. "तू समोर असलंस की माका तुझ्याच तोंडाकडे बघूचा लागतला." दोघांनीही एकमेकांची अट पाळली.

मैदानावर परत आला त्या दिवशी पोरांनी त्याच्यासाठी खुर्ची आणली, पाण्याची बाटली आणली, आणि जो तो येऊन विचारू लागला, काका, बरंय ना? काका, बसता का? त्याने शिटी वाजवून सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, "माझी विचारपूस करायची असेल तर घरी या, काकी चहा पाजेल. इथे मी पंच आहे. पंचाला कोणी बरा आहेस का विचारत नाही. चुकला तर शिव्या घालतात. त्या घाला." तेव्हापासून मैदानावर त्याच्या तब्येतीबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. शिव्या मात्र मनसोक्त मिळाल्या. पुढे त्याला पेसमेकर बसवला, तेव्हा काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. त्या हाताने गुण दाखवताना तो हात खालीच ठेवायचा, तर डाव्या बाजूचा संघ बोंबलायचा, "अहो पंच, आमचे गुण कमरेएवढेच काय?" तोही उत्तर द्यायचा, "गुण तरी कमरेच्या वरचे मिळवा रे."

विचारायचं नाही, म्हणजे पाहायचंही नाही असं पोरांनी मानलं नव्हतं. आमच्या मैदानाची माती अजून मातीच आहे, मॅट नाही, त्यामुळे रेषा चुन्याच्या फक्कीने आखाव्या लागतात. खेळ रंगला आणि दिनूला धाप लागली की तो शिटी वाजवायचा, हाताने वेळ थांबवायची खूण करायचा आणि म्हणायचा, "मधली रेषा पुसलीय, फक्की टाका." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा रेषा लख्ख दिसत होती. एक नवखा खेळाडू तसं बोलायलाही गेला, पण संकेतने त्याला कोपर मारून गप्प केलं आणि स्वतः फक्कीचा डबा आणला. पुढे ती पद्धतच झाली. दिनूने सांगितलं की दोघेतिघे जण डबा घेऊन वाकायचे आणि मुळात ठसठशीत असलेल्या रेषेवर आणखी फक्की भुरभुरायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू. तेवढ्यात तो खुर्चीवर टेकायचा. कुणी वर मान करून त्याच्याकडे बघायचं नाही. त्याला बरं वाटलं की शिटी वाजायची आणि खेळ सुरू व्हायचा. बाहेरगावचे संघ सामन्याला आले की या मैदानाची मधली रेषा इतकी जाड का, असं हमखास विचारत. मैदान ओलसर असतं, असं पोरं ठोकून द्यायची.

या पद्धतीने तो कित्येक हंगाम उभा राहिला. सकाळी माहीमपर्यंत चालून यायचा. जेवणात मीठ कमी, सोलकढी नारळाशिवाय, आणि त्याबद्दल कुरकुर मात्र भरपूर. गेल्या तपासणीचे रिपोर्ट चांगले आले होते. ते मला दाखवायला मुद्दाम घरी आला, म्हणाला, "पेपरवाल्या, छाप ह्ये. हेडिंग मी देतो, हडकर फिट." हीच आमची शेवटची भेट.

त्या संध्याकाळी सराव सामना होता. समोरच्या काचेच्या इमारतीवरून ऊन मैदानात येतं म्हणून त्याने टोपी घातली होती. दुसऱ्या डावात त्याने शिटी वाजवली, वेळ थांबवायची खूण केली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. आवाज बारीक होता, असं आता सगळे म्हणतात. संकेतने डबा घेतला. आज काकांना जरा जास्तच धाप लागलीय हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून त्याने बाकीच्यांना खुणेने सांगितलं, सावकाश. रेषा एकदा पूर्ण झाली. शिटी आली नाही. काकांना आणखी थोडा वेळ हवा असेल म्हणून त्यांनी तीच रेषा उलट्या दिशेने पुन्हा आखायला घेतली, मान खाली घालून, जितकी हळू आखता येईल तितकी. ठरल्याप्रमाणे कुणीही खुर्चीकडे पाहत नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं तेव्हा दिनूची टोपी मातीत पडली होती.

डॉक्टर म्हणाले, झटका इतका मोठा होता की कुणी अगदी शेजारी उभं असतं तरी फारसं काही हाती लागलं नसतं. हा 'फारसं' शब्द माझ्या कानाला लागला. वहिनींच्याही तो कानाला लागला असावा. हॉस्पिटलातून कपड्यांची पिशवी मिळाली, त्यातल्या पांढऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी होती. एकही गोळी काढलेली नव्हती. तेराव्यानंतर मी गेलो तेव्हा त्यांनी ती पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "भावजी, एवढी पोरं होती तिथे. कोणाचंच लक्ष नव्हतं?" काय घडलं ते मला संकेतने सांगितलेलं होतं. पण ते या बाईला कुठल्या शब्दांत सांगायचं... मी म्हणालो, सगळं फार झटपट झालं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. हाच प्रश्न त्यांनी आणखी कुणाकुणाला विचारला आणि सगळ्यांनी माझ्यासारखीच उत्तरं दिली. पोरं तर त्यांच्या दारावरून जायचंही टाळू लागली.

गेल्या रविवारी सराव पुन्हा सुरू झाला. पंच म्हणून संकेतच उभा राहिला. त्याच खुर्चीशेजारी, पण बसला नाही. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, मैदानाच्या दारात शुभावहिनी दिसल्या. दिनू पंच झाल्यापासून त्या पहिल्यांदाच तिथे आल्या होत्या. कुणीतरी तीच खुर्ची पुढे केली, पण त्यांनी ती नुसती हाताने धरली. संकेतने त्यांना पाहिलं आणि त्याने शिटी वाजवली. काय करावं हे न सुचल्यामुळे असेल, किंवा तोंडी बसलेलं म्हणून असेल, तो म्हणाला, "मधली रेषा पुसलीय, फक्की टाका."

दोघे जण डबा घेऊन वाकले. वहिनी रेषेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, एवढी चांगली दिसतेय की."

संकेत त्यांच्याजवळ आला. शिटी त्याने मुठीत धरली होती.

"दिसतेच, काकी," तो म्हणाला. "काका सांगायचे तेव्हापण दिसायची. त्या दिवशीपण."

वहिनी जाडजूड पांढऱ्या रेषेवर वाकलेल्या त्या दोघांकडे पाहत राहिल्या. दोघांनी मान वर केली नव्हती. रेषा टोकाला पोचली आणि ते तिथेच थांबून राहिले. संकेतही थांबला. मग वहिनी सावकाश खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि त्याला म्हणाल्या, "वाजव."